गांजा आधी सोडवायचा की मनाचं आधी बघायचं? अकरावीतल्या मुलाच्या आईला उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. मुलगा सोळा वर्षांचा. नीटच्या क्लाससाठी अकरावीपासून शहरात रूम करून राहत होता. दिवाळीला घरी आला तेव्हा बॅगेत गांजाची पुडी आणि कागद सापडले. वडिलांनी मारलं. तेव्हापासून तो रात्रभर जागा असतो, दिवसा झोपतो, धड जेवत नाही, काही विचारलं की अंगावर येतो. एकदा तुम्हाला म्हणाला, "मी नसतो तर बरं झालं असतं." तालुक्याला मनोविकारतज्ज्ञ नाही, जिल्ह्याचं गाव सत्तर किलोमीटरवर. दीर म्हणतात, सहा महिने व्यसनमुक्ती केंद्रात टाका. तुमचा प्रश्न असा की आधी गांजा सोडवायचा की आधी मनाचं बघायचं, आणि जायचं कुठे.

गांजाचं नंतर बोलू. आधी त्याच्या त्या वाक्याचं.

ते तो रागात बोलला असेल, तरी खरंच धरून चाला. आज संध्याकाळी वडील आसपास नसताना त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, "तुला जीव द्यावासा वाटतो का? कसं करायचं तेही मनात येतं का?" असं विचारलं तर नसलेला विचार आपणच डोक्यात घालू, अशी पुष्कळ आईबापांना भीती वाटते. तसं होत नाही. उलट कोणीतरी एकदाचं विचारलं म्हणून मुलं ढसाढसा रडतात आणि बोलू लागतात. तो "हो" म्हणाला आणि कसं करणार हेही त्याने सांगितलं, तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका. त्याच दिवशी सिव्हिलच्या अपघात विभागात न्या. मनोविकार ओपीडीचा वार कोणता, हे बघत बसू नका. न्यायला वेळ लागणार असेल तर १४४१६ लावा. ही टेलिमानस, केंद्र सरकारची मोफत सेवा. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. तो बोलायला तयार नसला तर तुम्ही बोला, आईबापांनाही तिथे सल्ला मिळतो.

दुसरं काम आजच करायचं आहे. तुमचं घर शेतीचं. फवारणीची औषधं, उंदराचं औषध, सासऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, सगळं कुलपात जाऊ द्या आणि किल्ली तुमच्या कमरेला राहू द्या. फवारणीचं औषध घरात न ठेवता शेतावरच्या पेटीत कुलूप लावून ठेवता आलं तर उत्तम. या वयात जीव द्यायचा आवेग पुष्कळदा फार थोडा वेळ टिकतो. त्या वेळात बाटली हाताशी नसली तर मूल वाचतं. आमच्याकडे विष घेऊन आलेली कितीतरी मुलं शुद्धीवर आल्यावर म्हणतात, "मरायचं नव्हतं, तेव्हा तेवढंच सुचलं." आणि चुकून असं काही घडलंच, तर पोलीस केसच्या भीतीने खाजगीत लपवाछपवी करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असं करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं. तिच्यावर खटला भरायचा नसतो, तिची काळजी घ्यायची असते.

आता आधी काय, हा प्रश्न. दोन्ही एकदम, आणि शक्यतो एकाच माणसाच्या हातून. "आधी नशा सोडून ये, मग डिप्रेशनचं बघू" असं सांगणारे डॉक्टर मी पाहिलेत. "आधी डोकं ठिकाणावर आणा, मग आम्ही दाखल करून घेऊ" असं सांगणारी केंद्रंही पाहिलीत. या दोघांच्या मधे हेलपाटे घालून आईबाप थकतात आणि तिसऱ्या खेपेला येतच नाहीत. मोठ्या माणसाच्या बाबतीतही हे चूकच आहे. सोळा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तर ही दोन दुखणी वेगळी काढताच येत नाहीत.

क्लाससाठी बाहेरगावी राहिलेली अशी मुलं माझ्याकडे नेहमी येतात. पहिल्या भेटीत मी "का ओढतोस?" असं विचारत नाही. त्याला घोटून पाठ केलेलं उत्तर मिळतं, "मित्रांनी दिला." मी विचारतो, "पहिल्यांदा ओढलास, त्या रात्री झोप कशी लागली?" एक मुलगा बराच वेळ नखं कुरतडत बसला होता. वडील बाहेर बाकावर होते. मग म्हणाला, "सर, महिन्याभरात पहिल्यांदा डोकं बंद झालं." त्यानंतर सगळं आपोआप बाहेर आलं. दहा बाय दहाच्या खोलीत चार कॉट. दर रविवारी टेस्ट. संध्याकाळपर्यंत मार्क पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. आणि रात्री घरून फोन, "किती पडले? रँक का घसरला?" दहावीला शाळेत पहिला आलेला मुलगा तिथे तिनशेवा होता, आणि हे कोणाला सांगावं तेच त्याला कळत नव्हतं. गांजा त्याच्या लेखी त्रास नव्हताच, त्रासावरचा उतारा होता. तो उतारा काढून घेतला आणि खालचा त्रास तसाच ठेवला, तर मूल एकतर परत तिकडे जातं, नाहीतर दुसरं काहीतरी शोधतं.

अर्थात गांजा निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. सुरुवातीला झोप लागते. पुढे तेवढ्याने भागत नाही, मात्रा वाढते आणि त्याच्याशिवाय झोपच येईनाशी होते. रोज ओढणाऱ्याने अचानक बंद केला की एक-दोन दिवसांत चिडचिड सुरू होते, झोप उडते, भूक जाते, घाम येतो, विचित्र स्वप्नं पडतात. पहिला आठवडा सगळ्यात कठीण असतो. मग दोन-तीन आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो, झोपेला मात्र जरा जास्त वेळ लागतो. तुमच्या मुलाचं आत्ताचं वागणं यातलंच असू शकतं, नैराश्य असू शकतं, मार खाल्ल्याचा अपमान असू शकतो. बहुधा तिन्ही एकत्र असतील. किशोरवयातलं नैराश्य मोठ्यांसारखं दिसत नाही. मूल रडत बसत नाही. ते चिडतं, दार आपटतं, आवडीचं क्रिकेट सोडतं, डोकं आणि पोट दुखतंय म्हणतं. घरच्यांना तो माज वाटतो.

म्हणून डॉक्टरकडे जाण्याआधी एक काम करा. वहीच्या पानावर तारखा मांडा. झोप कधीपासून बिघडली? मित्र कधी तुटले? मार्क कधी घसरले? गांजा कधी सुरू झाला असेल? मन आधी बिघडलं की नशा आधी आली, हे त्या पानावरून आम्हाला बरंच कळतं. लहानपणी तो एका जागी बसायचा का, वस्तू हरवायचा का, शाळेतून तक्रारी यायच्या का, हेही लिहा. अतिचंचलता आणि अवधान कमी असण्याचा आजार म्हणजे एडीएचडी. तो वेळेवर ओळखला गेला नाही तर अशी मुलं पुढे नशेकडे लवकर वळतात. त्याच्या औषधांचंच व्यसन लागेल या भीतीने पालक मागे हटतात. डॉक्टरच्या देखरेखीखाली घेतलेल्या औषधांनी नशेचा धोका वाढत नाही. आणि सख्ख्या नात्यात कोणाला मोठा मानसिक आजार असेल तर लाजू नका, सांगा. मुलाच्या कानात आवाज येतात, तो एकटाच बडबडतो, लोक माझ्याबद्दलच बोलतात म्हणतो, खिडकीच्या फटीत कागद कोंबतो, असं काही दिसलं तर ओपीडीच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात दाखवा. कोवळ्या वयात आणि भरपूर गांजा ओढणाऱ्यांत सायकोसिसचा, म्हणजे असे भास आणि संशय येण्याच्या आजाराचा, धोका वाढतो, घराण्यात तो आजार असेल तर आणखी. उपचाराला जितका उशीर, तितकं मूल माघारी यायला अवघड.

तुम्ही फक्त गांजाचं लिहिलंय. मी त्याच्याकडून सगळ्याची चौकशी करीन, कारण मुलं एकाच गोष्टीवर थांबलेली क्वचित दिसतात. सुरुवात बहुतेक तंबाखूपासून होते. विदर्भात खर्रा, आमच्याकडे मावा आणि पुडी. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के तंबाखू वापरत होते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, अठराच्या आतल्या मुलाला तर कुठेच विकता येत नाही. तरी शाळेसमोरच्या टपरीवर पुडी मिळते, हे तुम्हीही बघता. मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम टपरीवाल्यांना माहीत नसतं आणि शाळांनाही नसतं. मुख्याध्यापकांनी ते छापून फाटकावर लावावं असं मला मनापासून वाटतं.

व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन हे त्याहून लहान मुलांचं. रुमालावर घेऊन हुंगतात. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळणारी ही बहुधा एकमेव नशा. एम्सने केलेल्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अंदाज होता की देशात सुमारे ४.६ लाख मुलांना हुंगण्याच्या नशेसाठी मदतीची गरज आहे. इथे एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावी. हुंगताना सापडलेल्या मुलावर ओरडू नये, त्याच्या मागे धावू नये. त्या अवस्थेत घाबरून पळालं तर हृदयाचे ठोके बिघडून मूल जागच्या जागी दगावू शकतं. शांतपणे बोलून मोकळ्या हवेत आणायचं, बाकी सगळं नंतर. शहरात एमडी, म्हणजे मेफेड्रोन. मालेगावकडे "कुत्ता गोळी" म्हणतात त्या झोपेच्या गोळ्या. अलीकडे जिममधल्या मुलांमध्ये इंजेक्शनं. गोळ्यांबद्दल एवढंच सांगतो, रोज झोपेच्या गोळ्या किंवा रोज दारू घेणाऱ्याने ती घरच्या घरी एकदम बंद करू नये. झटके येऊ शकतात. गांजा एकदम बंद केल्याने असा धोका नसतो, त्रास होतो.

आता दिरांनी सुचवलेलं केंद्र. माझं मत स्पष्ट आहे. आज त्याला दाखल करू नका, आणि सहा महिने तर अजिबात नको. अठराच्या आतल्या मुलाला दाखल करणं कायद्याने अपवादात्मक मानलंय. २०१७ च्या कायद्यात व्यसनाशी जोडलेले मानसिक त्रास स्पष्ट धरलेत. त्याच्या कलम ८७ प्रमाणे आधी एक मनोविकारतज्ज्ञ आणि आणखी एक जाणकार, अशा दोघांनी मुलाला स्वतंत्रपणे तपासायचं असतं. बाहेर राहून उपचार होणार नाहीत अशी दोघांची खात्री व्हावी लागते. मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवायचं, पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या माणसाने सगळा काळ सोबत राहायचं, आणि ७२ तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचं. तीस दिवसांच्या पुढे ठेवायचं तर मंडळ स्वतः तपासणी करतं. आता तुमच्या दिरांनी सांगितलेल्या ठिकाणी फोन करून तीनच गोष्टी विचारा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का? सोळा वर्षांच्या मुलाला वेगळी खोली आहे का? मी त्याच्यासोबत राहू शकते का? "पहिले दोन महिने भेटता येणार नाही, फोनही नाही" असं उत्तर आलं की तिथेच फोन ठेवा. पंधरा-सोळाची पोरं चाळिशीतल्या मुरलेल्या लोकांसोबत कोंडली की बाहेर पडताना नवे पदार्थ आणि नवे फोन नंबर घेऊन येतात. शिवाय आईबापांनी आपल्याला टाकून दिलं, हे त्यांच्या मनातून वर्षानुवर्षं जात नाही. तुमच्या मुलाच्या मनात आत्ताच "मी नसतो तर" घोळतंय. त्याला घरातून उचलून नेणं म्हणजे त्यावर शिक्कामोर्तब.

चांगली केंद्रं आपल्याकडे नाहीत असं कोणी समजू नये. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून काम करतंय, आणि घरच्यांना उपचारात ओढून घेण्याची रीत महाराष्ट्राला त्यांनीच घालून दिली. ज्या प्रौढांना दाखल होण्याची गरज असते त्यांना मीही अशा ठिकाणी पाठवतो. तुमच्या मुलाला आज घर, झोप आणि दर आठवड्याला भेटणारं एखादं शहाणं माणूस हवंय.

एसटी स्टँडच्या भिंतीवर "न सांगता व्यसन सोडवा" अशा जाहिराती असतात. ती पावडर चहातून देऊ नका. अशा पुड्यांत काय असतं ते कोणी लिहीत नाही. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायला देतात ते औषध, असेल आणि वरून मुलाने दारू घेतली, तर बीपी एकदम पडून जीव जाऊ शकतो. शिवाय चोरून औषध दिल्याचं कळलं की तो घरातला घास निर्धास्तपणे खाणार नाही. माळ घालायला किंवा देवाला न्यायला मी कोणाला मनाई करत नाही. माळकरी आजोबांसोबत वारीला जाऊन सावरलेली मुलंही आहेत. फक्त त्यासाठी डॉक्टरची तारीख चुकवू नका.

जायचं कुठे, तर पहिला टप्पा तुमच्याच तालुक्यात आहे आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ ला सुरू झाला. त्याखाली ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी "मैत्री" क्लिनिक असतं. तिथल्या समुपदेशकाला मूल एकटं भेटू शकतं. तुमच्या रुग्णालयात ते आहे का आणि कोणत्या वारी समुपदेशक बसतात, हे आशाताईंना विचारा, त्यांना नक्की ठाऊक असतं. समुपदेशक औषध देणार नाहीत, पण ऐकतील, धोका ओळखतील आणि जिल्ह्याला चिठ्ठी देतील. दुसरा टप्पा जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग. त्यांचं पथक जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली ठरलेल्या वारी तालुक्यालाही येतं. सिव्हिलला फोन करून तुमच्या तालुक्याचा वार विचारा, कदाचित सत्तर किलोमीटर जावंच लागणार नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासणी, औषधं मोफत आहेत. खाजगीत दाखवायचं असेल तर विमा कंपनीला मानसिक आजारही शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरावा लागतो. मात्र तुमच्या पॉलिसीत ओपीडीचा खर्च मिळतो का ते आधी बघून घ्या.

ओपीडीत काय होईल हे माहीत असलं की मुलाची भीती कमी होते. शॉक देणार, बांधून ठेवणार, असं काही नसतं. डॉक्टर आधी तुमच्याशी बोलतील, मग तुम्हाला बाहेर बसवून त्याच्याशी. ते तसं करत नसतील तर तुम्हीच म्हणा, "मी बाहेर बसते, तुम्ही त्याच्याशी बोला." मारहाण, रॅगिंग, लैंगिक छळ, प्रेमप्रकरण, यांतलं काहीही मूल आईबापासमोर सांगत नाही. तो काय बोलला हे नंतर डॉक्टरला खोदून विचारू नका. जिवाला धोका असेल तर ते स्वतःहून सांगतील. गांजा सोडवणारी गोळी अजून निघालेली नाही. असं काही आहे म्हणणाऱ्यापासून लांब राहा. गांजासाठी बोलण्याचेच उपचार लागतात. नैराश्य ठरलं तर या वयासाठी फ्लुऑक्सेटीनसारखं औषध देतात. त्याचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत जिवाबद्दलचे विचार वाढत नाहीत ना, याकडे बारीक लक्ष ठेवायचं असतं. म्हणून दहा दिवसांत "फरक नाही" म्हणत बंद करू नका. आणि झोप यावी म्हणून ओळखीच्या मेडिकलवरून अल्प्राझोलाम आणून देऊ नका. एक गेलं आणि दुसरं आलं, असं व्हायचं.

व्यवस्थेबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. निमहान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांना उपचार लागावेत असा मानसिक त्रास होता. त्याच सर्वेक्षणात आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचारच पोचलेले नव्हते, आणि देशात लाख लोकांमागे एकसुद्धा मनोविकारतज्ज्ञ नव्हता. त्यात मुलांचे मनोविकारतज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांतच. आमच्याकडचे समुपदेशक कंत्राटी असतात. मूल एखाद्या ताईंवर विश्वास टाकून बोलायला लागतं तोवर त्यांचं कंत्राट संपतं. मग मूल दुसऱ्याला पहिल्यापासून सांगायला तयार होत नाही, आणि आमच्या रजिस्टरला फक्त "आला नाही" एवढीच नोंद राहते. मोठे डॉक्टर वाढतील तेव्हा वाढतील. नीट शिकवलेली साधी माणसंही हे काम करू शकतात, हे शेजारच्या गोव्यात "संगत" संस्थेने दाखवलंय. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, धोकादायक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांना डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी थोड्या भेटींत केलेल्या मदतीचा उपयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. तो अभ्यास मोठ्या माणसांचा होता, पण वाट तीच आहे. प्रत्येक तालुक्याला एक कायमचा, पगार वेळेवर मिळणारा समुपदेशक द्या, एवढीच माझी मागणी आहे आणि ती मी प्रत्येक बैठकीत करतो.

मुलींचं इथे एका वाक्यात उरकतोय, पण ते तेवढं लहान नाही. त्यांची नशा झाकली जाते, त्या हातावरच्या ब्लेडच्या खुणा घेऊन येतात, आणि घरचे आधी लग्नाचं बघतात.

आता घरातलं. मुलाच्या वडिलांना हे वाचायला द्या. तुम्ही मारलंत ते भीतीने मारलंत, हे मला कळतं. पण मार खाल्लेलं मूल नशा सोडत नाही, लपवायला शिकतं. तुम्ही त्याच्याकडे जा आणि एवढंच म्हणा, "मी मारायला नको होतं. मला भीती वाटली. आपण दोघं डॉक्टरकडे जाऊ." बापाने असं म्हटल्यावर गप्प बसलेली मुलं बोलती झालेली मी पाहिलीत. तुम्ही स्वतः तंबाखू मळत असाल तर त्याच दिवशी १८००-११-२३५६ या तंबाखू सोडण्याच्या हेल्पलाइनला फोन लावा, त्याच्या देखत. मुलगा काय बघतो ते इथे महत्त्वाचं आहे.

लघवी तपासायची किट मेडिकलमध्ये मिळते. ती आणून त्याच्यावर पाळत ठेवू नका. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत गांजा सोडल्यावरही काही आठवडे दिसत राहतो, म्हणजे खरंच सोडलेल्या मुलाला तुम्ही खोटं पाडाल. उलट व्हाइटनर त्यात दिसतच नाही. तपासणी करायचीच तर डॉक्टर त्याच्या संमतीने करतील. पुडी "पुरावा" म्हणून कपाटात ठेवली असेल तर टाकून द्या. पोलिसांची भीती तुम्ही लिहिली आहे. उपचारासाठी गेल्याने केस होत नाही, डॉक्टरने माहिती गुप्त ठेवायची असते. अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४अ मध्ये, थोड्या प्रमाणात स्वतःपुरता वापर असलेल्या आणि स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण आहे. आणि अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं.

झोपेची घडी बसवणं हे तुमचं पहिलं काम. रात्री कितीही जागला तरी सकाळी एका ठरावीक वेळेला उठवा, उन्हात न्या. गुरांचं, पाण्याच्या पाळीचं काहीतरी काम सोबतीने करा. दुपारची झोप टाळा. रात्री मोबाइल घरातल्या सगळ्यांचेच बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा, फक्त त्याचा काढून घेऊ नका. रोख पैसे सध्या कमी द्या, पण जेवण, कपडे, सलूनसाठी त्याला हात पसरायला लावू नका. आणि दिवसातून एकदा त्याच्याशी असं बोला की ज्यात अभ्यास नाही, मार्क नाहीत, गांजा नाही.

तो मधे कधीतरी परत ओढेल. बहुतेक मुलांचं होतं. त्या दिवशी "सगळं पाण्यात गेलं" असं म्हणू नका. "कुठे होतास, कोण होतं, त्याआधी काय झालं होतं?" एवढं विचारा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरसमोर तेच त्याला सांगू द्या. पहिले दोन महिने दर आठवड्या-पंधरवड्याला भेट झाली पाहिजे. सत्तर किलोमीटर दर वेळी जमणार नसेल तर मधल्या भेटी तालुक्याच्या समुपदेशकाकडे, आणि एखाद वेळी फोनवर, असं डॉक्टरांशी पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

शेवटी क्लासचं. भरलेली फी परत मिळत नाही, म्हणून नवऱ्याचं म्हणणं आहे की पंधरा दिवसांत त्याला परत पाठवावं. या वर्षी त्याला त्या खोलीत परत पाठवू नका. तेच कॉट, तीच मुलं, तोच रविवार, आणि आता वर मार्कांचा खड्डा. तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात नाव फिरवून घेता येईल का ते बघा. वर्ष गेलंच तर पुरवणी परीक्षा आहे, बारावीला बाहेरून बसायला १७ नंबरचा फॉर्म आहे, आणि नीट वर्षभराने देणारी हजारो मुलं आहेत. पण यातलं काय करायचं, हा निर्णय आज घेऊ नका. तीन-चार भेटी होऊ द्या, झोप जरा बसू द्या, मग डॉक्टरसमोर त्याला विचारून ठरवा. कदाचित तो म्हणेल की मला डॉक्टर व्हायचंच नाही, तेही ऐकून घ्या. तोवर क्लासला "तब्येत बरी नाही" एवढंच कळवा, कारण सांगायला तुम्ही बांधील नाही.